मांडणशिल्प जेव्हा पुस्तकात उतरते

चित्र एका भिंतीवरून उतरवून दुसऱ्या भिंतीवर टांगता येते आणि पुतळा एका चौथऱ्यावरून हलवून दुसऱ्यावर बसवता येतो. परंतु भिंती, जमीन, छत, प्रकाश, आवाज आणि खुद्द प्रेक्षकाचे चालणे-थांबणे हे सारेच ज्या कलाकृतीचे साहित्य असते, त्या मांडणशिल्पाला अशी सोय नसते. प्रदर्शनाची मुदत संपली की ते बहुधा मोडावे लागते, त्यातील वस्तू खोक्यांत भरल्या जातात किंवा टाकून दिल्या जातात, आणि मागे उरतात ती काही छायाचित्रे व ज्यांनी ते पाहिले त्यांच्या आठवणी. नलिनी मालानी यांनी १९९२ मध्ये मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीच्या इमारतीतील गॅलरी केमोल्डच्या भिंतींवर ‘सिटी ऑफ डिझायर्स’ ही चित्ररचना केली, तेव्हा प्रदर्शनानंतर ती पुसली जाणार हे आधीच ठरलेले होते आणि तसेच झाले. तेथे नाशवंतपणा हा आशयाचाच भाग होता. बहुतेक मांडणशिल्पांच्या बाबतीत मात्र तो नाइलाज असतो, आणि या नाइलाजाला कलावंतांनी शोधलेल्या उत्तरांपैकी सर्वांत कमी चर्चिले गेलेले उत्तर म्हणजे पुस्तक.

प्रेक्षकाला चहूबाजूंनी वेढून टाकणारे मांडणशिल्प म्हणजे नेमके काय, हे समजण्यासाठी डॅनिश-आइसलँडिक कलावंत ओलाफुर एलियासन यांचा लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयातील ‘द वेदर प्रोजेक्ट’ हा प्रयोग पुरेसा बोलका आहे. ऑक्टोबर २००३ ते मार्च २००४ या काळात तेथील टर्बाइन हॉलच्या टोकाला दिव्यांचे एक भव्य अर्धवर्तुळ उभारलेले होते, छताला आरसे लावलेले असल्यामुळे ते पूर्ण सूर्यबिंबासारखे दिसे, आणि हवेत धुक्याचा हलका पडदा सोडलेला असे. दिवे एकाच तरंगलांबीचा प्रकाश देणारे असल्याने पिवळा आणि काळा सोडून इतर रंग डोळ्यांना दिसेनासे होत. लोक जमिनीवर आडवे पडून वरच्या आरशात स्वतःला शोधत. वीस लाखांहून अधिक लोकांनी हे अनुभवले. अशा कलाकृतीचे छायाचित्र सुंदर येते, पण त्यात सूर्य आणि माणसे येतात, डोळ्यांतून रंग नाहीसे होण्याचा अनुभव येत नाही. (अलीकडे मोठ्या शहरांतून, मुंबईतही, व्हॅन गॉगसारख्या दिवंगत चित्रकारांची चित्रे भिंतींवर प्रक्षेपित करून तिकिटे लावून जे दाखवले जाते, त्यालाही ‘इमर्सिव्ह’ म्हणण्याची पद्धत पडली आहे, परंतु तेथे अवकाश चित्रकाराने योजलेला नसून प्रक्षेपक भाड्याने घेणाऱ्याने योजलेला असतो, म्हणून तो प्रकार या विवेचनाच्या बाहेर ठेवणे बरे.)

प्रदर्शनाबरोबर निघणारा कॅटलॉग, म्हणजे छायाचित्रे, समीक्षकांचे लेख आणि कलाकृतींची यादी असलेला ग्रंथ, ही उणीव भरून काढू शकत नाही, कारण तो कलाकृतीविषयी असतो. ज्याला कलाजगतात ‘आर्टिस्ट्स बुक’ म्हणतात ते कलावंताचे पुस्तक मात्र स्वतःच कलाकृती असते: त्याचा आकार, कागद, बांधणी, पानांचा क्रम आणि प्रतींची संख्या हे सर्व निर्णय कलावंताचे असतात, आणि त्यात मजकूर असलाच पाहिजे असेही नाही. या प्रकाराच्या आधुनिक इतिहासाची सुरुवात अनेकदा अमेरिकन चित्रकार एड रुशे यांच्या १९६३ मधील, पेट्रोलपंपांच्या सव्वीस छायाचित्रांच्या साध्यासुध्या पुस्तकापासून केली जाते, ज्याच्या पहिल्या आवृत्तीच्या ४०० प्रती निघाल्या होत्या. पुढे १९७५ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये राहणारे मेक्सिकन लेखक उलिसेस कारियोन यांनी एका निबंधात असा विचार मांडला की पुस्तक ही मुळात मजकुराची पिशवी नसून एकापाठोपाठ एक येणाऱ्या अवकाशांची मालिका आहे, आणि त्यातला प्रत्येक अवकाश वेगळ्या क्षणी अनुभवाला येतो. हा विचार मान्य केला तर पुस्तक आणि मांडणशिल्प यांचे नाते लगेच ध्यानात येते. दोन्ही ठिकाणी प्रेक्षकाला सर्व काही एकदम दिसत नाही, दोन्ही ठिकाणी वेळ खर्च होतो, आणि दोन्ही ठिकाणी पुढे काय आहे हे कळण्यासाठी शरीराला काहीतरी करावे लागते. एकीकडे पाय उचलायचे असतात, दुसरीकडे बोटे.

या नात्याचा एक नमुना तर अनवधानाने निर्माण झाला. मार्सेल द्युशां यांनी १९४६ ते १९६६ अशी वीस वर्षे न्यूयॉर्कमध्ये गुप्तपणे ‘एतां दोने’ नावाची रचना तयार केली: एका जुन्या लाकडी दाराला दोन भोके, त्यांतून डोकावल्यावर विटांच्या भिंतीला पडलेले भगदाड, त्यापलीकडे काटक्यांवर पहुडलेली विवस्त्र स्त्रीदेह-आकृती, तिच्या हातात दिवा आणि पाठीमागे झुळझुळणारा धबधबा. ही रचना आपल्या पश्चात उचलून फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात पुन्हा जोडावी लागणार हे जाणून त्यांनी एका साध्या रिंगच्या फायलीत छायाचित्रे, हस्तलिखित टिपणे आणि पुठ्ठ्याची घडीची प्रतिकृती लावून ठेवली. द्युशां १९६८ मध्ये वारले, १९६९ मध्ये रचना प्रेक्षकांसाठी खुली झाली, आणि १९८७ मध्ये संग्रहालयाने ती फाइल जशीच्या तशी छापली. दारासमोर उभ्या राहणाऱ्या प्रेक्षकाला दोन भोकांपलीकडे काहीही करता येत नाही, पण फाइल चाळणाऱ्याला त्या दृश्याच्या मागच्या तारा, दिवे आणि आधाराचे खांब दिसतात. एका अर्थी पुस्तकाचा वाचक तेथे प्रेक्षकापेक्षा अधिक आत जातो.

द्युशां यांची फाइल गुपित सांभाळत होती. फ्लक्सस या प्रयोगशील गटातील ॲलिसन नोल्स यांनी नेमके उलटे केले आणि पुस्तकच राहण्याजोगे मोठे केले. १९६७ मधील त्यांच्या ‘द बिग बुक’ची पाने आठ फूट उंच होती, ती धातूच्या कण्याला जोडलेली असून चाकांवर फिरत, आणि पानाला पाडलेल्या भोकातून शिरून वाचक पुढच्या पानात जाई. त्यात शेगडी होती, टेलिफोन होता, शौचकूप होते, कृत्रिम गवताचा बोगदा होता, म्हणजे एक अख्खा संसार पुस्तकाच्या बांधणीत बसवलेला होता. ते अनेक ठिकाणी फिरले आणि प्रवासाच्या झिजेनेच अखेर मोडून गेले. मांडणशिल्पाला टिकाऊ करण्यासाठी पुस्तकाकडे पाहणाऱ्यांना हा चांगलाच इशारा होता, पण नोल्स यांनी त्याची फारशी फिकीर केली नाही. पुढे १९८२ मध्ये त्यांनी ‘द बुक ऑफ बीन’ हे आणखी एक चालत जाण्याचे पुस्तक केले.

पुस्तकातून मांडणशिल्पाकडे जाणारी सर्वांत लांबची वाट मात्र मॉस्कोतील इल्या काबाकोव्ह यांची आहे. सोव्हिएत काळात त्यांचा अधिकृत पेशा मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढण्याचा होता आणि खासगीत ते ज्या कलाकृती करीत त्या जाहीरपणे दाखविण्याची मुभा नव्हती. १९७० च्या दशकात त्यांनी ‘दहा पात्रे’ या नावाने दहा आल्बम तयार केले, ज्यांतील सुटे कागद एका पेटीत ठेवलेले असत. चार मित्र स्टुडिओच्या पोटमाळ्यावर जमत, काबाकोव्ह स्वतः एकेक कागद उलटत आणि मजकूर वाचून दाखवत. चातुर्मासात घराघरांतून सुट्या पानांची पोथी लावली जाते, एक जण वाचतो आणि बाकीचे ऐकतात, त्या पद्धतीशी हे बरेच जुळते. यांपैकी कपाटात बसून राहणाऱ्या प्रिमाकोव्हचा आल्बम विशेष पाहण्याजोगा आहे. त्याची सुरुवातीची पाने जवळजवळ संपूर्ण काळी आहेत, कारण कपाटाच्या आत अंधार आहे, आणि बाहेरच्या घरात काय चालले आहे ते फक्त पानावरच्या ओळींतून कळते. मग कपाट उघडते, खोली, शहर, आकाश असे दृश्य विस्तारत जाते, आणि शेवटी पात्र नाहीसे होऊन कोरी पांढरी पाने उरतात. काळ्या कागदाकडून पांढऱ्या कागदाकडे जाणे एवढीच त्याची हालचाल, पण ती पाहणाऱ्याला एका बंद जागेतून बाहेर काढते.

काबाकोव्ह १९८७ मध्ये देशाबाहेर पडले आणि १९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या रोनाल्ड फेल्डमन गॅलरीत त्यांनी ‘दहा पात्रे’ याच नावाचे मांडणशिल्प उभारले. अनेक कुटुंबांनी एकच स्वयंपाकघर आणि एकच न्हाणीघर वाटून घ्यायचे, अशा सोव्हिएत सामायिक घराचा तो आराखडा होता आणि प्रत्येक पात्राला त्यात एक खोली होती. एका खोलीतील रहिवासी छत फोडून अंतराळात उडून गेलेला आहे: भिंतींवर प्रचाराची भित्तिपत्रके, मधोमध स्प्रिंगा आणि रबरी पट्ट्यांनी टांगलेले आसन, वर भगदाड, खाली त्याचे बूट. आल्बममधला कागद तेथे खोली झाला आणि कागद उलटण्याच्या जागी दार ओलांडणे आले. प्रेक्षकाला पूर्णपणे आत घेणाऱ्या अशा रचनेला काबाकोव्ह पुढे ‘संपूर्ण मांडणशिल्प’ म्हणू लागले आणि त्यांनी त्यावर व्याख्यानेही दिली. परंतु त्यांच्या या साऱ्या कामाचे मूळ व्याकरण पुस्तकाचेच राहिले. खोल्यांतून जागोजाग वाचायला लावलेले मजकूर इतके आहेत की न वाचता चालणाऱ्या प्रेक्षकाला तेथे जुन्या सामानापलीकडे फारसे काही हाती लागत नाही.

चीनमधील शू बिंग यांच्या ‘आकाशातील ग्रंथ’ या प्रसिद्ध कृतीत पुस्तक आणि मांडणशिल्प वेगळे करताच येत नाहीत. १९८८ मध्ये बीजिंगला प्रथम दाखवलेल्या या कामात छताला झुलणाऱ्या लांबच लांब कागदी गुंडाळ्या, भिंतींवरचे तक्ते आणि जमिनीवर उघडून ठेवलेले शिवलेले ग्रंथ आहेत, आणि त्यांवर छापलेली सुमारे चार हजार अक्षरे कलावंताने स्वतः योजून लाकडात कोरलेली, कोणालाही वाचता न येणारी आहेत.

अमेरिकेतील कारा वॉकर यांचे उदाहरण अधिक बोचरे आहे. काळ्या कागदातून कापलेल्या छायाकृती पांढऱ्या भिंतींवर चिकटवून गुलामगिरीच्या काळातील क्रौर्य आणि लैंगिक हिंसा यांची दृश्ये त्या दालनभर पसरवतात. प्रेक्षक त्या वर्तुळाच्या मध्ये उभा राहतो. १९९७ मध्ये संगणक-उद्योजक पीटर नॉर्टन यांच्या कुटुंबाने नाताळच्या भेटीसाठी वॉकर यांच्याकडून ‘फ्रीडम: अ फेबल’ हे पुस्तक करून घेतले. ते लहान मुलांच्या पुस्तकांसारखे, पान उघडताच कापीव आकृती उभ्या राहणारे ‘पॉप-अप’ पुस्तक आहे, आणि त्यात गुलामीतून मुक्त झालेल्या एका स्त्रीची कथा येते. दालनात प्रेक्षक आकृतींनी वेढला जातो, पण त्या आधीपासूनच भिंतीवर असतात. पुस्तकात मात्र प्रत्येक आकृती वाचकाच्याच हाताने उठते आणि पान मिटले की त्याच्याच हाताने दाबली जाते. मांडणशिल्पाचा आकार येथे शतांश झाला असेल, पण त्यातील जबाबदारीचा प्रश्न वाचकाच्या अधिक जवळ आला, आणि भेटवस्तू म्हणून आलेल्या पुस्तकात तो यावा यात वॉकर यांचा खट्याळ कठोरपणा आहे.

या प्रकारातील सर्वांत विचारपूर्वक केलेले पुस्तक निवडायचे झाले तर ते बहुधा एलियासन यांचे ‘युअर हाउस’ ठरेल. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या ग्रंथालय परिषदेने ते २००६ मध्ये २२५ प्रतींत प्रकाशित केले. कोपनहेगन परिसरातील आपल्या घराचे १:८५ या प्रमाणातले रूप एलियासन यांनी त्यात दिले आहे, पण ते नकाशा, छायाचित्र किंवा प्रतिकृती यांपैकी काहीही नाही. वास्तुरचनाकार इमारत उभी कापली तर आत काय दिसेल ते दाखवणारे जे रेखाटन करतात, त्याला छेद म्हणतात; एलियासन यांनी घराचे असे ४५४ छेद घेतले आणि प्रत्येक छेदातील मोकळी जागा लेसर किरणांनी एकेका पांढऱ्या कागदातून कापून काढली. एक पान म्हणजे खऱ्या घराचे २.२ सेंटिमीटर, आणि सगळी पाने मिळून सुमारे दहा मीटर लांबीचे घर.

पुस्तकात एकही शब्द नाही. वरच्या पानांतून घराची बाह्यरेषा हळूहळू आकार घेते, मग खिडकीचा चौकोन खोल होतो, काही पानांनंतर तो भिंतीत विरतो आणि त्याजागी खोलीची पोकळी सुरू होते. जिना पानागणिक एकेक केसाएवढा सरकतो. घराच्या भिंती कागदाच्या आहेत आणि खोल्या कागदाच्या अभावाच्या, त्यामुळे पाहायचे असते ते जे कापून काढले आहे त्याकडे. दोन्ही हातांनी धरावी लागणारी ही पाने नाजूक असल्याने घाईने उलटता येत नाहीत, आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पोहोचेपर्यंत घरातून चालत गेल्याइतका किंवा त्याहूनही जास्त वेळ लागतो. ‘द वेदर प्रोजेक्ट’मध्ये एलियासन यांना प्रेक्षकाने स्वतःच्या पाहण्याकडे पाहावे असे वाटत होते, ‘युअर हाउस’मध्ये तोच आग्रह आहे, पण त्यासाठी धुके, आरसे किंवा दिवे यांतले काहीही लागलेले नाही. दालनाचे दृश्य पुस्तकात आणण्याचा मोह टाळून दालनाचा नियम तेवढा घ्यायचा, ही या प्रकाराची खरी कसोटी मानली, तर तिला हे पुस्तक पुरेपूर उतरते आणि दालनांची चकचकीत छायाचित्रे जाड कागदावर छापणारी बहुसंख्य ‘कलावंतांची पुस्तके’ नापास होतात.

याच प्रकारात मुंबईत जन्मलेले अनिश कपूर यांचे ‘वूंड’ हे २००५ मधील पुस्तक येते, ज्यात पानापानांतून कापत नेलेली पोकळी त्यांच्या भिंतीत व जमिनीत खोल गेलेल्या शिल्पांची आठवण करून देते. आयव्हरीप्रेस या प्रकाशनसंस्थेने ते काढले, आणि त्याच्या प्रती इतक्या थोड्या की संग्राहकांपलीकडे ते फारसे कोणी हाताळलेले नाही.

येथेच या प्रकाराची दुखरी जागा आहे. जे पुस्तक हाताने उलटल्याशिवाय पुरे होत नाही, तेच मर्यादित प्रती आणि वाढत्या किमती यांमुळे संग्रहालयाच्या काचपेटीत जाऊन बसते. तेथे त्याचे एकच पान उघडलेले असते आणि उरलेली शेकडो पाने, म्हणजेच कलाकृती, मिटलेली राहतात. मांडणशिल्प निदान मुदत संपेपर्यंत आत शिरू देते, काचपेटीतले पुस्तक तेवढेही करीत नाही. अमेरिकेतील फ्रँकलिन फर्नेस या संस्थेने १९७६ पासून जमवलेला कलावंतांच्या पुस्तकांचा प्रचंड संग्रह १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाकडे गेला, आणि तो दालनात न ठेवता ग्रंथालयात ठेवला गेला, हे म्हणूनच महत्त्वाचे आहे, कारण ग्रंथालयात मागणीपत्र भरून पुस्तक टेबलावर मिळते.

दिल्लीच्या दयानिता सिंग यांनी या पेचातून काढलेली वाट सर्वांत व्यवहारी आहे. छायाचित्रे हे त्यांचे माध्यम असले तरी त्या स्वतःला पुस्तके करणारी कलावंत मानतात. त्यांची ‘संग्रहालये’ म्हणजे घडीच्या पडद्यासारखी उघडमीट होणारी मोठी लाकडी मांडणी. तिच्या चौकटींत छायाचित्रे बसवलेली असतात, ती बदलता येतात, आणि प्रेक्षक तिच्या भोवतीने व मधल्या जागेतून फिरतो. लंडनच्या हेवर्ड गॅलरीत २०१३ मध्ये ती दाखवली गेली. जर्मन मुद्रक-प्रकाशक गेरहार्ड श्टायडल यांच्या साहाय्याने २०१७ मध्ये सिंग यांनी हीच दालने ‘म्युझियम भवन’ या पेटीत आणली. तीत घडीची नऊ छोटी पुस्तके आणि संभाषणांचे एक पुस्तक आहे. प्रत्येक घडी ओढून सरळ केली की साडेसात फुटांची भिंत तयार होते आणि ती टेबलावर, फडताळावर किंवा खिडकीच्या कठड्यावर उभी करता येते. नऊपैकी एकाचे नाव ‘गोदरेज म्युझियम’ आहे: कागदपत्रे आणि चीजवस्तू पोटात घेऊन उभी असलेली लोखंडी कपाटे त्यात आहेत, जी मराठी घरांतून आणि कचेऱ्यांतून पिढ्यान्‌पिढ्या दिसत आली आहेत. पेट्यांवरचे कापड निरनिराळे असल्याने एक पेटी दुसरीसारखी नाही. त्या वर्षी पॅरिस फोटो आणि ॲपर्चर यांचा छायाचित्र-पुस्तकाचा पुरस्कार या पेटीला मिळाला.

त्याआधीच्या ‘म्युझियम ऑफ चान्स’ या पुस्तकात ८८ छायाचित्रे होती आणि त्यांतले प्रत्येक कुठल्या ना कुठल्या प्रतीच्या मुखपृष्ठावर किंवा मलपृष्ठावर होते, त्यामुळे प्रती भिंतीवर टांगल्या की त्यांचेच प्रदर्शन होई. त्या प्रती लाकडी चौकटींत बसवून चामड्याच्या दोन सूटकेसमध्ये भरून नेण्याची सोय सिंग यांनी केली, आणि हे ‘सूटकेस म्युझियम’ २०१६ मध्ये मुंबईत भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात मांडले गेले. ऑफसेट यंत्रावर छापलेले, दुकानात विकत मिळणारे पुस्तक हीच येथे मूळ कलाकृती असल्याने वाचकाला हात लावायला मनाई करण्याचे कारणच उरत नाही. कारागिरीच्या दृष्टीने ‘युअर हाउस’ श्रेष्ठ असेल, परंतु पुस्तक या वस्तूचा स्वभाव सिंग यांनी अधिक ओळखला, असे म्हणावे लागेल.

महाराष्ट्रात मांडणशिल्प आता कला महाविद्यालयांच्या वार्षिक प्रदर्शनांतही दिसते आणि दरवर्षी विद्यार्थी महिनोन्‌महिने खपून उभारलेली दालने आठवड्याभरात उतरवतात. अशा महाविद्यालयांनी अंतिम वर्षाच्या प्रत्येक मांडणशिल्पाबरोबर, छायाचित्रांच्या सीडीऐवजी किंवा पेनड्राइव्हऐवजी, विद्यार्थ्याने स्वतः बांधलेले एक पुस्तक मागावे आणि ग्रंथालयाने ते कपाटात कुलूपबंद न करता वाचनकक्षातल्या टेबलावर ठेवावे. कागद, पुठ्ठा, कटर आणि डिंक एवढ्यावर हे काम होते, आणि पाने मळली तर मळू द्यावीत.